आधी बादली, मग काचपेटी
शोभेच्या पाणवनस्पतींच्या पावणेदोनशे वर्षांच्या प्रवासातून

हिंगोली, परभणी, नांदेड या आपल्या भागात घरात फिश टँक असणे ही आता फक्त श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात, मोबाइलच्या दुकानात, शिक्षकांच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरातही दोन फुटी काचपेटी दिसते. पूर्वी या पेटीत प्लॅस्टिकची हिरवी झुडपे उभी असत. अलीकडे त्यांच्या जागी खरी रोपे आलेली मी पाहतो. पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबराने बांधलेली, चार-सहा काड्यांची जुडी. विकणारा सांगतो, “नळाखाली धुवा आणि सोडा पेटीत.” घेणारा तसेच करतो.

महिनाभराने काचेवर बारीक गोगलगायी फिरू लागतात. कधी माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. कधी गप्पीची पिल्ले एकेक करून नाहीशी होतात आणि दगडाआड चतुराची गुबगुबीत अळी सापडते. मग लोक माशाला दोष देतात, पाण्याला देतात, फिल्टरला देतात. पिशवीतून आलेल्या जुडीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पाण्यातले रोप एकटे येत नाही, ही गोष्ट माणसाला कळायला फार वर्षे लागली आणि त्यासाठी जबर किंमत मोजावी लागली. तो इतिहास मी गेली काही वर्षे जमेल तसा वाचत आलो. तो इंग्लंडमध्ये सुरू होतो, फ्लोरिडा, बंगाल, केरळ असा फिरतो आणि आपल्या कयाधूच्या डोहापर्यंत येऊन पोचतो. घरातल्या पेटीत रोप कसे सोडावे या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच आहे, असे माझे मत आहे. म्हणून आधी इतिहास आणि मग उपाय, या क्रमाने जाऊ.

काचेत कोंडलेली हिरवळ

लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना वनस्पतींचे वेड होते. 1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून काचेची बाटली बंद केली. त्यांना पतंग पाहायचा होता, पण बाटलीत उगवले नेच्याचे रोप. लंडनच्या धुरकट हवेत जो नेचा बागेत तग धरत नव्हता, तो बंद काचेत मजेत वाढला. यातून पुढे ‘वॉर्डची पेटी’ तयार झाली. लाकडी चौकटीत काचा बसवलेल्या या पेट्यांतून जहाजांवरून महिनोन्‌महिने जिवंत रोपे नेता येऊ लागली. 1842 मध्ये वॉर्ड यांनी यावर पुस्तक लिहिले. चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली ती अशाच पेट्यांतून.

पाण्याची पेटी हे याच कल्पनेचे भावंड. लंडनचेच रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये एका मोठ्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाची रोपे ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तो वापरतील, पाणी बदलावे लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. काही दिवस हिशेब जमला. मग व्हॅलिसनेरियाची जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि काचेवरचा थर खाल्ला, पाणी पुन्हा निवळले. 1850 मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला.

आज ज्या गोगलगायींवर घरोघर डोके फुटते, त्या अ‍ॅक्वेरियमच्या जन्मकथेत अशा मानाने बसलेल्या आहेत. वॉरिंग्टन यांनी गोगलगायी स्वतः निवडल्या होत्या आणि मोजून सोडल्या होत्या. आपल्याकडे त्या पानाला चिकटलेल्या पारदर्शक अंड्यांतून, न मोजता येतात. सगळा फरक तेवढाच आहे.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस हे निसर्गअभ्यासक होते. त्यांच्या 1854 च्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. पुढची काही वर्षे इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत काचपेट्यांची लाट आली. लाट ओसरली तेव्हा पेट्या माळ्यावर गेल्या. पेटीतले पाणी आणि रोपे मात्र जवळच्या ओढ्यात, कालव्यात गेली असणार. उपयोग संपलेली रोपे पाण्यात टाकण्याची सवय तेव्हापासूनची.

आपल्याकडे सामान्य माणसाला काचेआडचे पाणी पहिल्यांदा दिसले ते मुख्यतः मुंबईत. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले. तारापोरवाला कुटुंबाच्या देणगीतून आणि सरकारी खर्चातून ते उभे राहिले. मराठवाड्यातून मुंबईला गेलेली शाळेची सहल राणीची बाग, गेट वे आणि हे मत्स्यालय केल्याशिवाय परतत नसे. पुढे क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजारातून मासे आणि रोपे राज्यभर जाऊ लागली. देशपातळीवर या धंद्याचे मोठे केंद्र कोलकाता. तिथल्या गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या गावच्या दुकानातली जुडी अशा दोन-तीन बाजारांचे पाणी पिऊन आलेली असते. प्रत्येक ठिकाणी ती दुसऱ्या रोपांसोबत, बहुतेकदा माशांसोबतही, एकाच टाकीत राहिलेली असते.

तुकड्यातून पसरलेले संकट

पाणवनस्पती बेफाम झाली तर काय होते, याचा पहिला मोठा धडा इंग्लंडलाच मिळाला. उत्तर अमेरिकेतली एलोडिया नावाची पाणवेल 1836 मध्ये आयर्लंडमध्ये आणि 1842 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका तळ्यात दिसली. दहा-बारा वर्षांत ती इंग्लंडच्या कालव्यांत आणि नद्यांत इतकी दाटली, की नावा अडल्या, मासेमारी थांबली, पोहणारे वेलींत अडकू लागले. नवल असे, की ब्रिटनमध्ये आलेली झाडे जवळजवळ सगळी मादी होती. बी धरण्याचा प्रश्नच नव्हता. नुसत्या तुटलेल्या काड्यांतून तिने बेट काबीज केले. बोटभर तुकडा पुरे, हे पाणवनस्पतींचे बलस्थान जगाच्या लक्षात आले ते असे.

शंभर वर्षांनी हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली आणि या वेळी वनस्पती आपल्याकडची होती. शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग केलेल्या प्रत्येकाला हायड्रिला ठाऊक आहे. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उपडे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि उन्हात ठेवल्यावर नळीत जमणारे प्राणवायूचे बुडबुडे. विज्ञान शिकवताना मी हा प्रयोग कितीतरी वर्गांना करून दाखवला आहे. हायड्रिला आपल्या तळ्यांत निमूट राहते. तिला खाणारे कीटक आणि मासे इथे आहेत.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या एका अ‍ॅक्वेरियम व्यापाऱ्याने सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, ही वनस्पती मागवली. ‘इंडियन स्टार-वाइन’ अशा गोंडस नावाने ती विकली जात होती. आलेला माल मनासारखा निघाला नाही, म्हणून तो टॅम्पाजवळच्या कालव्यात टाकला गेला. 1960 पर्यंत ती राज्यातल्या नद्या-कालव्यांत फोफावलेली दिसली. तेव्हापासून तिला आवरण्यासाठी अमेरिकेत कोट्यवधी डॉलर खर्च झाले आहेत आणि ती अजून तिथे आहे.

या कथेचा उत्तरार्ध मला जास्त अस्वस्थ करतो. 1994 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या डीग्रे तलावाकाठी पांढऱ्या डोक्याचे गरुड, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, मरू लागले. त्या मोसमात 29 गरुड मेले. त्यांच्या मेंदूत बारीक छिद्रे पडलेली होती आणि कारण कळत नव्हते. शोध घेता घेता शास्त्रज्ञ हायड्रिलापाशी आले. तिच्या पानांच्या खालच्या अंगाला एक निळसर-हिरवा सूक्ष्मजीव वाढत होता. तो विष तयार करी. आपल्याकडे ज्याला वारकरी किंवा चांदवा म्हणतात त्या जातीचे पाणपक्षी हायड्रिला खात, आणि दुबळे झालेले ते पक्षी गरुड खात. विषाची नेमकी ओळख पटली ती 2021 मध्ये, म्हणजे 27 वर्षांनी. वनस्पती ओळखीची, निरुपद्रवी, शाळेच्या प्रयोगातली. तिच्या पानावर काय बसले आहे हे मात्र पाव शतक कोणाला सांगता आले नाही.

बंगालपासून कयाधूपर्यंत

आपल्या देशात अशा पाहुण्यांची यादी मोठी आहे आणि तिच्यातली बरीच नावे शोभेसाठी आलेली आहेत. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. फिकट जांभळ्या फुलांमुळे ती एकोणिसाव्या शतकात जगभरच्या बागांत गेली. शतक संपता संपता बंगालमध्ये पोचली. पंचवीस-तीस वर्षांत तिथली नदीपात्रे, खाड्या आणि भातखाचरे तिने झाकून टाकली. बंगालीत तिला कचुरीपाना म्हणतात. 1921 मध्ये तिच्यावर उपाय शोधण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाला एका वनस्पतीच्या बंदोबस्तासाठी बसावे लागले. 1936 मध्ये तर बंगालमध्ये जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. फुलझाडाविरुद्ध कायदा करावा लागणे म्हणजे काय, हे पुण्याच्या मुळा-मुठेकाठी किंवा कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

केरळात 1950 च्या दशकात साल्व्हिनिया नावाचा तरंगता नेचा दिसला. लोकांनी त्याला ‘आफ्रिकन पायल’ हे नाव दिले. कुट्टनाडच्या भातशेतीत आणि जलमार्गांत त्याने असा गोंधळ घातला, की शेवटी 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातून एक बारीक सोंडकिडा आणावा लागला. त्याने नेच्याला चांगला आळा घातला. जलपर्णीवरही त्याच दशकात बंगळूरमधून सोंडकिडे सोडले गेले. त्यांचे यश ठिकठिकाणी वेगवेगळे आहे. 2020 च्या नोव्हेंबरात कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळ पांडी या गावचा ओढा गुलाबी फुलांनी भरून गेला. छायाचित्रे देशभर फिरली, बघ्यांची रीघ लागली, लोक फुले घरी नेऊ लागले. ती फुले कॅबोम्बाच्या एका परदेशी जातीची होती. कॅबोम्बा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात आजही सर्रास मिळणारे रोप आहे. वनस्पतीतज्ज्ञांनी लोकांना कळवळून सांगितले, की ती घरी नेऊ नका, दुसऱ्या पाण्यात सोडू नका.

आपल्या जिल्ह्यात पाहायचे तर बेशरमच्या झुडपाकडे पाहावे. ओढ्याच्या काठी, तळ्याच्या कडेला, रस्त्यालगतच्या खड्ड्यात गुलाबी-जांभळ्या कर्ण्यांसारखी फुले येणारे हे झुडूप इथलेच आहे असे नव्या पिढीला वाटते. तेही दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणि कुंपणासाठी आलेले. तोडले तरी उगवते, फांदी चिखलात पडली तरी रुजते, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिले. गाजर गवताची नोंद 1950 च्या दशकात पुण्यात झाली आणि आज आपल्या हळदीच्या बांधावरही ते उभे आहे. ‘एका काडीने काय होणार’ असे म्हणणाऱ्याने या दोन झाडांकडे बोट दाखवून मग बोलावे.

हिंगोली जिल्ह्याचे पाणी कुठे जाते हेही इथे लक्षात घेतले पाहिजे. कयाधू हिंगोली शहराजवळून वाहत पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला. औंढा तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे ते पूर्णेवर, आणि पूर्णाही शेवटी गोदावरीतच जाते. कळमनुरी तालुक्याच्या अंगाला इसापूर धरणाचा मोठा जलाशय पसरला आहे. म्हणजे जिल्ह्याच्या कोणत्याही ओढ्यात पडलेली काडी, जगली तर, गोदावरीच्या वाटेला लागते. कयाधू बारमाही वाहत नाही. उन्हाळ्यात पात्र तुटते आणि मागे उथळ, उबदार, सांडपाण्याने सकस झालेले डोह उरतात. शोभेच्या पाणवनस्पतीला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

वेस कुठे आहे?

आजारी गावाहून आलेल्याला काही दिवस वेशीबाहेर थांबवणे ही जुनी रीत. 1377 मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातले डुब्रोव्निक, या बंदराने प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना 30 दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे हे दिवस 40 झाले आणि इटालियन भाषेतल्या चाळीसच्या आकड्यावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. 2020 नंतर आपल्याकडे तो शेतावरच्या माणसालाही पाठ झाला.

माणसांना थांबवण्याची रीत इतकी जुनी, पण झाडांनाही थांबवावे हे सुचायला एकोणिसावे शतक संपावे लागले. वॉर्डच्या पेट्यांनी आणि आगबोटींनी रोपांचा प्रवास सोपा केला, तसा रोगांचाही. फ्रान्समधल्या द्राक्षबागा 1860 च्या दशकापासून अमेरिकी वेलींबरोबर आलेल्या फायलॉक्सेरा या किडीने उजाड केल्या. 1869 मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा आला आणि तिथले मळे पुढे चहाकडे वळले. हिंदुस्थानात यासंबंधीचा कायदा झाला तो 1914 मध्ये. आज परदेशातून येणाऱ्या वनस्पतींना 2003 चा प्लांट क्वारंटाइन आदेश लागू आहे.

पण ही वेस बंदरावर आणि विमानतळावर आहे. कोलकात्याच्या तळ्यातून मुंबईच्या टाकीत आणि तिथून हिंगोलीच्या दुकानात येणाऱ्या जुडीला मध्ये कुठेच थांबावे लागत नाही. शिवाय जिथे पहारा कडक आहे तिथूनही माल निसटतो. 2021 च्या फेब्रुवारीअखेर अमेरिकेत सिएटलमधल्या एका दुकानातल्या कर्मचाऱ्याला शोभेच्या हिरव्या शेवाळगोळ्यात एक बारीक शिंपला दिसला. तो झेब्रा शिंपला होता. हा जीव पाण्याच्या पाइपांत दाटून वीजकेंद्रे आणि नळयोजना बंद पाडतो. शोध घेतल्यावर कितीतरी राज्यांतल्या दुकानांत असे गोळे सापडले. ते युक्रेनमधून आले होते. लोकांना सूचना गेली, की गोळे उकळा, गोठवा किंवा ब्लीचमध्ये बुडवा, आणि मगच कचऱ्यात टाका. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या नजरेतून जे सुटले ते एका कर्मचाऱ्याच्या डोळ्यांना दिसले.

गोगलगाईंबद्दलही एक नोंद आपल्या राज्यातली आहे. त्या केवळ उपद्रवी असतात असे समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तिथे 1952 मध्ये गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी लघवीवाटे रक्त जाण्याच्या आजाराचा माग काढला, तेव्हा तो शिस्टोसोमा या कृमीचा निघाला. या कृमीचे अर्धे आयुष्य गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत जाते. भारतात माणसांमध्ये या आजाराचे असे ठिकाण सापडणे अगदी विरळ, म्हणून गिमवीचे नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत गेले. महाराष्ट्रासह काही राज्यांत नारूचा रोगही असाच पाण्यातल्या सायक्लॉप्स या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवातून पसरे. बारवेत उतरून पाणी भरण्याच्या काळात तो घराघरांत माहीत होता. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घेण्याच्या साध्या सवयीचा त्याच्या उच्चाटनात मोठा वाटा होता, आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. दुकानातल्या रोपाबरोबर असले आजार घरात येतील अशी भीती मी घालत नाही. सांगायचे इतकेच, की निवळशंख पाण्यातही पाहुणे असतात आणि फडक्याएवढ्या साध्या उपायाने त्यांना रोखता येते.

मग शेवटची वेस उरते ती आपल्या घरात. ती बांधायला एक बादली पुरते.

बादलीची वेस

वसमतच्या हळद उत्पादकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. हळदीचे बेणे थेट जमिनीत जात नाही. आधी निवड, सडके-किडके बाजूला, मग औषधाच्या द्रावणात बुडवणे, मग सावलीत सुकवणे आणि मग लागवड. कंदमाशी आणि कंदकूज शेतात शिरण्याआधी बेण्यावरच अडवायची, हा त्यामागचा विचार. पाणवनस्पतीचेही बेणे प्रक्रिया करूनच घ्यावे.

पहिले काम निवडीचे. रोप कुंडीत असेल तर कुंडी काढावी, मुळांभोवतीचा लोकरीसारखा भाग बोटांनी आणि चिमट्याने पूर्ण काढावा, जुडीला शिशाची पट्टी गुंडाळली असेल तर ती फेकावी. पिवळी, फाटकी पाने छाटावीत. पानाच्या खालची बाजू उजेडात धरून पाहावी. तिथे साबुदाण्याच्या पाण्यासारखा पारदर्शक चिकट ठिपका दिसला तर ती गोगलगाईची अंडी. ते पानच कापावे. मग वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने चोळून धुवावे. पिशवीतले पाणी कोणत्याही परिस्थितीत पेटीत ओतू नये.

दुसरे काम बुडवण्याचे. इथे घरातल्या तीन ओळखीच्या गोष्टी कामी येतात. तुरटी सगळ्यांत सौम्य. लिटरभर पाण्यात लहान चमचाभर तुरटीची पूड विरघळवून रोप दोन-तीन तास ठेवले तर गोगलगायी आणि बरेच बारीक जीव मरतात. सगळी अंडी मरतीलच असे नाही. दुसरे पोटॅशियम परमँगनेट. विहिरीत टाकायचे ते जांभळे औषध जुन्या लोकांना आठवत असेल. पटकीच्या साथीत विहिरी अशा रंगवण्याचा पुरस्कार आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला होता. दहा लिटरच्या बादलीला सुमारे 100 मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीच्या टोकावर मावतील तेवढेच खडे, आणि वेळ दहा मिनिटे. पाणी गुलाबी-जांभळे दिसले पाहिजे. तपकिरी झाले की त्याची शक्ती संपली. हातमोजे घालावेत, कारण डाग आठवडाभर जात नाहीत.

तिसरे ब्लीच, आणि ते शेवटचे. सुमारे 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले, सुगंध न घातलेले द्रव एक भाग आणि पाणी 19 भाग. अनुबियास, जावा फर्न अशा जाड पानांच्या रोपांना जास्तीत जास्त दोन मिनिटे. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, कॅबोम्बा आणि मॉस यांना ब्लीच लावूच नये, ती पाने विरघळतात. नंतर भरपूर धुवून क्लोरिन घालवणारे औषध टाकलेल्या पाण्यात रोप ठेवावे आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिन्ही उपाय एकावर एक करू नयेत. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही रसायन मिसळणे धोक्याचे आहे.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे, ते म्हणजे थांबणे. वेगळ्या बादलीत किंवा बरणीत, उजेड येईल पण दुपारचे ऊन पडणार नाही अशा जागी, रोप तीन ते चार आठवडे ठेवावे. पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे. बादलीत मासा नसावा, आणि यामागे कारण आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा जीव रोपाला चिकटून येतो, फुटतो आणि त्यातून सुटलेली पिल्ले मासा शोधत पोहतात. आपल्या उबदार पाण्यात त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती उपाशी मरतात. बुडवण्यातून वाचलेली गोगलगाईची अंडी या काळात फुटतात आणि पिल्ले नजरेला पडतात, वेचता येतात. चतुराची अळीही दिसण्याइतकी वाढते. रोपावर कीटकनाशक मारलेले असेल तर तेही पाणी बदलता बदलता बरेच निघून जाते. पेटीत झिंगे असतील तर हे फार आवश्यक, कारण माशाला न बाधणारा अंशही झिंग्याला मारतो. या दिवसांत काही पाने गळतील. पुष्कळ रोपे नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. ती जुनी पाने टाकतात आणि पाण्याखालची नवी धरतात. रोप मेले म्हणून घाई करू नये.

ज्यांना इतके थांबायचे नाही त्यांच्यासाठी एक मार्ग आहे, तो म्हणजे टिश्यू कल्चरची रोपे. वसमत, अर्धापूरच्या केळीवाल्यांना त्याची सवय आहेच. निर्जंतुक बरणीत वाढलेल्या या रोपांवर गोगलगाय नाही, कीड नाही, शेवाळ नाही. मुळांना लागलेली जेली धुतली की रोप पेटीत लावता येते. किंमत जास्त पडते, पण चार आठवडे वाचतात.

परतीची वाट

इथवर सांगितले ते बाहेरून आत येणाऱ्याबद्दल. फ्लोरिडात आणि बंगालमध्ये घात झाला तो आतून बाहेर गेलेल्यामुळे. म्हणून रोप घेतानाच ते टाकायचे कसे हेही ठरवावे. छाटलेल्या काड्या मोरीत सोडू नयेत, गटार शेवटी ओढ्याला मिळते. त्या गच्चीवर कडक उन्हात वाळवाव्यात. आपल्याकडच्या उन्हात दोन दिवसांत त्यांची काडी-काडी होते. मग खतखड्ड्यात जाऊ द्याव्यात. पेटीचे पाणी फुलझाडांना घालावे, त्यात रसायन नसेल तर झाडे खूश होतात. बदली झाली, पेटी मोडायची आहे, तर रोपे आणि मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. ‘सोडून देतो, जगतील बिचारे’ या भावनेने देवळाच्या तळ्यात किंवा धरणात काहीही सोडू नये. त्या दयेची किंमत पुढची पिढी मोजते.

नवी जात घेताना दुकानदाराला तिचे नाव विचारावे. नुसते ‘फॉरेनचे हिरवे’ असे उत्तर आले तर न घेतलेले बरे. शक्य तिथे व्हॅलिसनेरिया, हायड्रिला अशा इथल्याच पाण्यातल्या वनस्पती ठेवाव्यात. त्या दिसायला साध्या असतात, पण चुकून निसटल्या तरी आपल्याच घरी जातात. त्याही तळ्यातून थेट पेटीत नकोत. त्यांनाही बादलीची वेस आहेच.

वॉरिंग्टन यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी पात्रात काय काय आहे हे मोजून ठेवले होते: दोन मासे, काही रोपे, पाच-सहा गोगलगायी. काचपेटीचे शास्त्र त्या मोजण्यातून सुरू झाले. चार आठवड्यांची बादली आपल्याला तेवढेच करायला लावते. पेटीत जे जाईल ते आपल्याला ठाऊक असावे आणि कयाधूत जे जाईल ते तिचेच असावे.